लाकूड महागले म्हणून घराचे काम थांबवावे का?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबाजोगाई तालुक्यातील गावी आपण सुमारे ९०० चौरस फुटांचे घर बांधत आहात. भिंती खिडक्यांच्या तळापर्यंत आल्या आहेत. सुताराने दारे-खिडक्यांच्या सागवानाचा सांगितलेला आकडा तीन वर्षांपूर्वीच्या आपल्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट निघाला आहे, आणि चौकटी आल्याशिवाय पुढचे काम करता येणार नाही असे गवंडी म्हणत आहेत. लाकडाच्या भावामुळे अमेरिकेत घरे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्याचे आपण वाचले आहे. म्हणून भाव उतरेपर्यंत थांबावे, बांधावरचा कडुनिंब तोडावा, की जुन्या वाड्याचे लाकूड काढून वापरावे, असे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी लातूरला राहून घरबांधणीची कामे करतो. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या बांधकामावर मी उमेदवारी केली आणि तेव्हापासून याच व्यवसायात आहे. माझ्या मते आपल्यापुढे खरी अडचण लाकडाच्या भावाची नसून, लाकडाचा निर्णय बांधकामाच्या मध्यावर, पैसे संपत आलेले असताना आणि गवंडी खोळंबलेला असताना घ्यावा लागतो आहे, ही आहे. भाव आपल्या हातात नाही. निर्णयाची वेळ आणि लाकडाचे माप मात्र बरेचसे आपल्या हातात आहे.

प्रथम अमेरिकेचा संदर्भ बाजूला काढतो, कारण त्या बातम्यांमुळे आपली भीती वाढलेली दिसते. तिकडे बहुतेक घरांचा सांगाडाच लाकडाचा असतो. भिंतीतील उभे वासे, मजल्याखालच्या तुळया, छपराची कैची, सारे देवदार-पाइनसारख्या मऊ लाकडाचे. एका सर्वसाधारण घराला बारा-पंधरा हजार बोर्ड फूट, म्हणजे हजार घनफुटांहून अधिक लाकूड लागते. कोरोनाच्या काळात गिरण्या मंदावल्या आणि मागणी मात्र वाढली. मे २०२१ मध्ये तिथल्या वायदेबाजारात हजार बोर्ड फुटांचा भाव १,६०० डॉलरच्या वर गेला, आणि केवळ लाकडामुळे नव्या घराची किंमत सरासरी सुमारे ३६,००० डॉलरने वाढल्याचा हिशेब तेथील घरबांधणी व्यावसायिकांच्या संघटनेने त्या वेळी मांडला होता. बारा बोर्ड फुटांचा एक घनफूट होतो. त्या हिशेबाने तो कमाल भावसुद्धा आपल्या तेव्हाच्या रुपयात घनफुटाला साधारण १,४०० पडतो, म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या सागापेक्षा स्वस्तच. त्यांच्या घराचे गणित कोलमडले ते घराला लागणाऱ्या लाकडाच्या प्रचंड प्रमाणामुळे. तो भाव पुढे काही महिन्यांतच झपाट्याने खाली आला. आपल्याकडचा साग तसा खाली येईल, या आशेवर मात्र मी कोणालाही थांबू देणार नाही.

याचे कारण आपला साग वेगळ्या वाटेने येतो. किनवट-माहूरचा पट्टा सोडला तर मराठवाड्यात सागाचे म्हणावे असे जंगल नाही. चांगला देशी साग चंद्रपूर-गडचिरोलीकडून, बल्लारशाह-आलापल्लीच्या डेपोंतील लिलावांतून येतो, आणि त्याला मोठमोठी गिऱ्हाइके आहेत. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये त्याच भागातून साग गेला होता. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर देशातील जंगलतोडीवर आणि आरागिरण्यांवर कडक निर्बंध आले, आणि ते यायलाच हवे होते. देशी माल कमी पडू लागल्यावर आयात वाढली. त्यात ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आज बाजारात ‘इम्पोर्टेड साग’ म्हणून जे मिळते ते बहुतांशी आफ्रिकेतील आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतील लागवडीचे लाकूड असते, त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजले जातात, वर जहाजाचे भाडे आणि १८ टक्के जीएसटी असतो. २०१४ मध्ये साठ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर २०२५ मध्ये नव्वदीच्या पुढे गेला. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तशी काही सवलत सागाच्या वाट्याला आलेली नाही. यातील एकही कारण चार-सहा महिन्यांत उलटे फिरण्यासारखे नाही.

आता आपल्या घराचा हिशेब करू. आपल्या घराला एक मुख्य दार, एक मागचे, दोन खोल्यांची, दोन न्हाणीघर-शौचालयाची आणि चार फूट बाय चार फुटांच्या सहा खिडक्या आहेत, असे मी धरतो. मुख्य दाराची चौकट उंबऱ्यासह पाच इंच बाय तीन इंचांची धरली तर २१ फूट लांबीत साधारण २.२ घनफूट लाकूड लागते. बाकीच्या पाच दारांच्या चौकटी चार बाय अडीच इंचांच्या, उंबऱ्याविना, मिळून सुमारे ५.८ घनफूट. सहा खिडक्यांच्या चौकटी ८.३ आणि त्यांची झडपे पावणेचार. मुख्य दाराचे भरीव झडप दीड इंच जाडीचे केले तर पावणेतीन. एकूण २३ घनफूट, आणि कापणी-घट धरून २६. आतल्या दारांना फ्लश डोअर, म्हणजे तयार मिळणारे सपाट दार लावायचे, असे मी यात गृहीत धरले आहे.

केवळ हिशेबापुरते समजू की तीन वर्षांपूर्वी भाव घनफुटाला २,५०० होता आणि आज ३,५०० आहे. लाकडाचा खर्च ६५,००० वरून ९१,००० झाला, म्हणजे २६,००० रुपयांनी वाढला. बांधकामाचा दर चौरस फुटाला १,८०० धरला तर आपले घर १६ लाख २० हजारांचे. त्यात ही वाढ दीड-पावणेदोन टक्क्यांची होते. ती रक्कम लहान आहे असे मी म्हणत नाही. शेवटच्या हप्त्यानंतर हातात काहीच उरलेले नसताना २६ हजार म्हणजे डोंगर असतो. पण दुसऱ्या बाजूला असेही पाहा: आपण बँकेतून १२ लाख उचलले असतील आणि व्याज ९ टक्के असेल, तर महिन्याला ९,००० रुपये केवळ व्याज जाते. तीन महिने थांबलात की २७ हजार गेले. भाव उतरण्याची वाट पाहण्यातच सगळ्या भाववाढीएवढे पैसे व्याजात जातात, आणि घरभाडे व मधल्या काळात वाढणारी मजुरी वेगळीच.

म्हणून पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे सांगणे: घर थांबवू नका, फक्त चौकटी थांबवा. चौकटी उभ्या करूनच भिंत चढवायची ही जुनी पद्धत आहे आणि गवंड्याला ती सोयीची वाटते, कारण त्याला आयता साचा मिळतो. पण दार-खिडक्यांचे गाळे मोकळे सोडून भिंती, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी), स्लॅब आणि गिलावा पूर्ण करता येतो, आणि चौकटी नंतर बसवता येतात. गेली कित्येक वर्षे मी शक्य तिथे असेच करतो. त्यासाठी गाळा चौकटीच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंनी आणि वर सुमारे अर्धा-अर्धा इंच मोठा हवा, कडा ओळंब्यात हव्यात, आणि मुख्य दारासारख्या जड चौकटीसाठी होल्डफास्टची (चौकट भिंतीत पकडणाऱ्या लोखंडी पट्टीची) भोके आधीच सोडलेली हवीत. बाकीच्या चौकटी लांब अँकर स्क्रूने बसतात. यात लाकडाला पाणी मारण्याच्या दिवसांत भिजावे लागत नाही आणि त्यावर सिमेंटचे डाग पडत नाहीत. आपल्याला पैसे जमवायला व लाकूड वाळवायला तीन-चार महिने मिळतात ते वेगळेच. गवंड्याला मात्र सर्व मापे कागदावर लिहून द्यावी लागतील, तोंडी सांगून चालणार नाही.

लाकडाची महागाई आपल्या घरात दारांच्या आधी आणखी एका जागी येते, ती म्हणजे सेंट्रिंग, ओल्या स्लॅबला खालून धरणारा तात्पुरता साचा. बल्ल्या, फळ्या, प्लाय महागले की ठेकेदार सेंट्रिंगचा दर वाढवतो किंवा सामान लवकर सोडवून दुसऱ्या कामावर नेऊ पाहतो. लोखंडी प्लेटा आणि जॅक असलेला ठेकेदार मिळाला तर ही भाववाढ फारशी जाणवत नाही. पण दर काहीही ठरो, दोन आधारांत साडेचार मीटरपर्यंत अंतर असलेल्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांच्या आत आणि त्याहून मोठ्या अंतराच्या स्लॅबखालचे १४ दिवसांच्या आत निघता कामा नयेत. सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस. भारतीय मानकातील ही किमान मुदत आहे. पाण्याची टंचाई असलेल्या आपल्या भागात क्युअरिंग, म्हणजे काँक्रीटला पाणी मारणे, कमी पडते, म्हणून मी ती नेहमी काही दिवसांनी वाढवतो.

आता सुताराच्या अंदाजपत्रकाकडे येतो. भाव वर सांगितला तेवढाच वाढला असेल तर खर्च चाळीस टक्क्यांनी वाढायला हवा होता, आणि आपला दुप्पट झाला आहे. उरलेली वाढ बहुधा मापात आहे. सुतार अप्रामाणिक आहे असे यातून निघत नाही; जाड लाकूड म्हणजे चांगले काम, अशी आपल्याकडची समजूत आहे आणि गिऱ्हाइकालाही तेच आवडते. माझ्या पाहण्यात न्हाणीघराच्या दारालासुद्धा पाच बाय तीनची चौकट उंबऱ्यासह लावलेली घरे पुष्कळ आहेत. तेव्हा सुताराकडून एकगठ्ठा रक्कम न घेता प्रत्येक दार-खिडकीची लांबी, रुंदी, जाडी आणि घनफूट असा तक्ता लिहून घ्या. सूत्र सोपे आहे: रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन तिघांचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचे.

त्या तक्त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहून घ्यावी, की माप रंधा मारण्याआधीचे आहे की नंतरचे. पाच बाय तीन म्हणून आलेला कच्चा तुकडा रंधून पावणेपाच बाय पावणेतीन होतो, म्हणजे तेरा टक्के लाकूड भुशात जाते. ही घट रास्त आहे, कोणीतरी ती सोसलीच पाहिजे. पण व्यापाऱ्याने ती एकदा धरली आणि सुताराने ‘वेस्टेज’ म्हणून पुन्हा धरली, असे वारंवार घडते. दुसरे पाहायचे ते लाकडाच्या कडेचा फिकट, पांढरा भाग. सागाचा टिकाऊपणा गाभ्याच्या तपकिरी लाकडात असतो. पांढऱ्या भागात वाळवी आणि भुंगा लवकर शिरतो. लागवडीच्या कमी वयाच्या सागात हा भाग जास्त असतो, आणि पॉलिश केल्यावर तो दिसत नाही. म्हणून पॉलिशपूर्वी, लाकूड कापून आल्यावर स्वतः उजेडात उभे राहून पाहावे.

ओलाव्याच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. उदगीरकडच्या एका कामावर ऐन श्रावणात एका व्यापाऱ्याकडून ‘पूर्ण वाळलेला’ म्हणून साग घेतला. मी त्याच्या शब्दावर विसंबलो, तपासले नाही. दारे दिवाळीपूर्वी बसली, दिसायला उत्तम. पुढच्या एप्रिलमध्ये, उन्हाने बेचाळीसचा आकडा गाठला तेव्हा, झडपांच्या सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या आणि एका चौकटीचा उभा खांब पीळ खाऊन वाकला. त्या कुटुंबाने आयुष्यभराची पुंजी त्या घरात घातली होती. दुरुस्ती मी माझ्या खर्चाने करून दिली, पण ते दार मूळचे झाले नाही. तेव्हापासून आर्द्रता मोजण्याचे लहान यंत्र मी जवळ बाळगतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत चौकटीसाठी दहा-बारा टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेले लाकूड हवे. बंदरावरून थेट आलेला माल बहुधा त्याहून ओला असतो. आपण आता लाकूड घेऊन, मधे पट्ट्या घालून, सावलीत हवेशीर रचून तीन-चार महिने ठेवलेत तर गिलावा होईपर्यंत ते बरेच मुरेल.

सगळीकडे साग वापरायलाच हवा का, याचे माझे उत्तर नाही असे आहे. न्हाणीघर आणि शौचालयाला कोणतेही लाकूड लावू नका. तिथे ग्रॅनाइट किंवा कडप्प्याची चौकट आणि पाण्याने न फुगणारे दार लावावे. आतल्या खोल्यांना पत्र्याची दाबीव चौकट किंवा सिमेंटची चौकट चालते. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची) चौकट घ्यायची असेल तर जड, भरीव घ्यावी. हलक्या मालात बिजागरीचे स्क्रू वर्ष-दोन वर्षांत सैल होतात. फ्लश डोअर घेताना आयएस २२०२ हा शिक्का पाहावा. खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियम किंवा लोखंडी चौकट लावली तर सागाचा निम्म्याहून थोडा अधिक खर्च तिथेच वाचतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीतून एका वेळी निम्मीच खिडकी उघडते, हे उन्हाळ्यात आपल्याकडे जाणवते. म्हणून झोपण्याच्या खोलीला तरी बाहेर उघडणारी झडपे असावीत असे मला वाटते. साग फक्त मुख्य दाराला ठेवला तर २६ घनफुटांचे सहा होतात आणि लाकडाचा खर्च, वरच्याच भावाने, ९१ हजारांवरून २१ हजारांवर येतो. पर्यायी चौकटींचे पैसे अर्थातच वेगळे लागतील, पण ते त्या फरकापेक्षा बरेच कमी असतात. घरकुल योजनेतून बांधणाऱ्यांना मी मुख्य दारालाही साग सुचवत नाही. सपाट प्रदेशात केंद्राच्या ग्रामीण योजनेचे मूळ अनुदान १ लाख २० हजार आहे, त्यातील सहावा हिस्सा एका दारात घालणे म्हणजे स्लॅबच्या सळईतून किंवा पायातून पैसे काढणे होय, आणि तसे करणारी माणसे मी पाहिली आहेत.

बांधावरच्या कडुनिंबाबद्दल थोडक्यात. कडुनिंबाला कीड तुलनेने कमी लागते, पण ओला कापून लगेच वापरला तर तो हमखास वाकतो आणि चिरतो. त्याला वाळायला किमान एक उन्हाळा द्यावा लागतो. झाड स्वतःच्या शेतातले असले तरी तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना यांची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी करावी. आपण पुढच्या तीन-चार महिन्यांत घर पूर्ण करणार असाल तर हा मार्ग आपल्या उपयोगाचा नाही, आणि उन्हाळ्यात सावली देणारे मोठे झाड आतल्या दोन चौकटींसाठी पाडावे असे मला व्यक्तिशः वाटत नाही.

जुन्या वाड्याचे लाकूड हा मात्र आपल्याकडचा सर्वांत चांगला मार्ग ठरू शकतो. आपल्या भागातील जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे खणांच्या (दोन तुळयांमधील जागेच्या) हिशेबाने बांधलेली आहेत: खांब, त्यावर तुळया, त्यावर सर (आडवे वासे), त्यावर किलच्या (लाकडाचे लहान तुकडे) आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, माणसे गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या मातीचे वजन अंगावर आल्यामुळे. त्याच घरांमध्ये जिथे लाकडी खांबांचे जोडकाम चांगले होते, तिथे भिंती ढासळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिलेला लोकांनी पाहिला. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले ते लाकूड आजच्या बाजारात पैसे देऊनही मिळत नाही. पण सगळा वाडा सागाचा असतो असे समजू नका. तुळया-खांब सागाचे आणि सर बाभळीचे किंवा कडुनिंबाचे, अशी सरमिसळ नेहमी आढळते. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके, विशेषतः भिंतीत पुरलेली, पटाशीने टोचून पाहावीत. पोकळ आवाज आला किंवा पिठासारखा भुसा गळला तर तेवढा भाग कापून टाकावा. खिळे एकूण एक काढून, लोहचुंबक फिरवून मगच लाकूड आरागिरणीत न्यावे. अन्यथा पाते तुटते आणि गिरणीवाला पुढचे लाकूड घेत नाही. कुजकी टोके, भोके आणि चिरा वगळता एक-तृतीयांश लाकूड वाया जाईल असे धरून चालावे.

वाडा उतरवताना घाई करू नका. एक फूट जाडीची माती प्रत्येक चौरस फुटावर सुमारे ४५ किलो वजन टाकते. दहा बाय दहाच्या खोलीवर ते साडेचार टन होते, आणि पावसाने भिजली असेल तर त्याहून जास्त. आधी वरची माती पूर्ण उतरवायची, मग किलच्या, मग सर, मग तुळया, आणि खांब सर्वांत शेवटी. खालून खांब ओढून छत पाडण्याचा प्रकार मी एका गावी पाहिला आहे आणि त्यात एक मजूर कायमचा अधू झाला. हे काम पावसाळ्यात करू नये. शिवाय वाडा सामाईक असेल तर लाकूड काढण्यापूर्वी सर्व भावंडांची लेखी संमती घ्यावी. वडिलोपार्जित तुळईवरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद झालेले मला माहीत आहे.

आपण शेवटी लिहिले आहे की वाड्याच्या दर्शनी दाराला कोरीव गणेशपट्टी आहे आणि तेच दार नव्या घराला लागावे अशी आपल्या आईंची इच्छा आहे. चौकट शाबूत असेल तर ते जरूर करा. त्याने सागाचा शेवटचा मोठा खर्चही वाचेल. फक्त अशी जुनी दारे बरेचदा ठेंगणी असतात, कधी साडेपाच फुटांचीसुद्धा. अशा वेळी चौकट कापून किंवा जोड देऊन वाढवण्याचा प्रयत्न करू नका, तिची सांधेजोड त्यात बिघडते. तिच्यावर त्याच जुन्या लाकडाची दीड फुटांची जाळीची खिडकी बसवून एकूण उंची सात फुटांवर न्या. आत येताना मान लवते ती लवू द्या, पण कपाळ आपटेल अशा जागी पायरी ठेवू नका. चौकटीची बाहेरची रुंदी, उंची आणि जाडी तिन्ही ठिकाणी, म्हणजे वर, मध्ये आणि उंबऱ्यापाशी, मोजून घ्या, कारण शंभर वर्षांत ती कुठेतरी तिरकी झालेली असणारच, आणि त्यांतले सर्वांत मोठे माप धरून गवंड्याला मुख्य दाराचा गाळा सोडायला सांगा.